खालून वर छाटणी

१४. ‘यादी खालून वर छाटली’ : २०१७ च्या कर्जमाफीच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या संदर्भात लेखक वर्धा जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या एकत्रित एक्सेल यादीविषयी बोलत आहे. नको त्या ओळी काढणारा मॅक्रो शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे चालवतात, आणि ही केवळ सवय नव्हे. एक ओळ काढली की तिच्याखालच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात. समजा, आर्वी तालुक्याच्या ४१ आणि ४२ या दोन्ही ओळी काढायच्या आहेत. वरून मोजणारा मॅक्रो ४१वी काढतो, ४२वी तिच्या जागी येते, पण मोजणी तोवर पुढे गेलेली असते. ती ओळ तपासलीच जात नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, हे अधिक घातक. खालून निघाल्यास सरकतात त्या तपासून झालेल्याच ओळी. फिल्टर लावून हेच काम लवकर होते, हा आक्षेप सोप्या निकषांपुरता खरा. नाव, गट क्रमांक आणि बँक खाते ताडून ठरवायचे तर ओळीगणिक तपासणी टळत नाही. मात्र मॅक्रोने काढलेली ओळ ‘अनडू’ने परत येत नाही. मूळ यादीची प्रत आधी ठेवलेली असणे लेखकाने येथे गृहीत धरले आहे.