अस्थिस्नायू
कंडरांनी हाडांना जोडलेले, इच्छेनुसार हलणारे पट्टेदार स्नायू. प्रौढाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग यांचाच. स्नायुतंतू ही अनेक केंद्रकांची लांबट पेशी. तिच्यात ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. चेतातंतूचा संदेश येताच पेशीत कॅल्शियम सुटते, मायोसिन ॲक्टिनला पकडून ओढते. धागे आखडत नाहीत, एकमेकांवर सरकतात. पकड सोडवायलाही एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो; मृत्यूनंतर तो संपतो, म्हणूनच शरीर ताठरते.

या स्नायूंचे काम शेतातही दिसते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावकडे धानाच्या रोवणीत बाया चिखलात वाकून पऱ्हे (धानाची रोपे) खोचतात. खोचणाऱ्या हाताचे स्नायू आखडतात, सैलावतात. अर्धवट वाकलेल्या पाठीचे मात्र लांबी न बदलता ताण धरून राहतात. त्या ताणाने रक्तप्रवाह दाबला जातो नि कंबर भरून येते. पूर्ण वाकल्यावर भार बराचसा अस्थिबंधांवर जातो.