घाटवाटेवरील पाणी : नाणेघाट मार्गावरील टाक्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्राचीन महाराष्ट्राच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना बंदरे, बाजारपेठा, नाणी आणि राजवंश यांचा विस्ताराने विचार झाला आहे. मात्र बंदरात उतरलेला माल ज्या वाटेने घाटमाथ्यावर चढत असे, त्या वाटेवर माणसे आणि जनावरे पाणी कोठे पीत होती, हा साधा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून होणाऱ्या वाहतुकीत वाटेची लांबी कोसांपेक्षा मुक्कामांत मोजली जाते आणि मुक्काम पाण्यावर ठरतो. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथातही भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. अंतर दिवसांत सांगणाऱ्या काळातील प्रवासाचा विचार पाण्याच्या सोयीशिवाय करता येत नाही.

प्रस्तुत लेखात कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट मार्ग अभ्यासासाठी घेतला आहे. या वाटेवरील पाणी निसर्गाने आयते दिलेले नव्हते. ते खडक फोडून साठवून ठेवलेले होते, आणि साठवणाऱ्याने ते प्रामुख्याने अनोळखी वाटसरूसाठी ठेवले होते, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी प्रकाशित ब्राह्मी लेख, ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ आणि मार्गाची भौगोलिक रचना यांचा आधार घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीला कोरडा म्हणणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पावसाळ्याचे चार महिने घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. परंतु हा प्रदेश अग्निजन्य बेसाल्ट खडकाच्या थरांनी बनलेला आहे. तीव्र उतारामुळे पाणी वेगाने कोकणात अथवा पूर्वेकडील खोऱ्यांत निघून जाते आणि घट्ट कातळात फारसे मुरत नाही. हिवाळा सरता सरता ओढे आटतात, झरे बारीक होतात आणि फाल्गुन-चैत्रात माथ्यावर पाण्याचे दुर्भिक्ष जाणवू लागते.

येथेच वाहतुकीची मूळ अडचण आहे. पावसाळ्यात घाट निसरडे होतात, नद्यांना पूर येतो आणि समुद्रातील गलबतांची ये-जा थांबते. व्यापाराचा हंगाम म्हणजे पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने. ज्या काळात वाट चालण्याजोगी असते, त्याच काळात वाटेवरील पाणी कमी होत जाते. पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवणे हाच या अडचणीवरील उपाय होता आणि ज्या कातळामुळे पाणी मुरत नव्हते, तोच कातळ या कामी उपयोगी पडला. घट्ट बेसाल्टमध्ये खोदलेले टाके गळत नाही. तोंड लहान ठेवून आत कातळाखाली पोकळी वाढविली, तर पाण्यावर ऊन पडत नाही व बाष्पीभवन कमी होते. मोठ्या टाक्यात छत तोलण्यासाठी मध्ये खांब राखले जात; त्यांना आज खांबटाकी म्हणतात. उतारावरून येणारे पाणी खोदलेल्या चरांतून टाक्यात वळविले जाई.

लेखांतील साक्ष

नाणेघाटातील लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष 1828 मध्ये कर्नल साइक्स यांच्यामुळे गेले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तेथील लेखांचे वाचन केले. राणी नागनिकेचा विस्तृत लेख, त्यातील यज्ञ व दक्षिणांची नोंद, अंकचिन्हे आणि सातवाहन कुटुंबाच्या प्रतिमांवरील नावे यांमुळे हे लेणे इतिहासप्रसिद्ध झाले. हा लेख सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो.

या राजलेखाच्या प्रभावात त्याच घाटातील लहान लेख मागे पडले. एका लेखात सोपारा येथील गोविंददास नावाच्या व्यक्तीने ‘पोढी’ दान दिल्याचे नमूद आहे. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णी या राजाच्या 13व्या राज्यवर्षातील असून त्यात दामघोष नावाच्या गृहपतीने दिलेल्या पोढीची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सोपारा हे समुद्रकाठचे बंदर. तेथील रहिवाशाने घाटमाथ्यावर टाके खोदवून द्यावे, याचा अर्थ त्याला या चढणीवरील तहान ठाऊक होती, असा तर्क करता येतो. राजाचा लेख आणि सामान्य गृहस्थाचे टाके एकाच वाटेवर आढळतात, ही बाब मार्गाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ही प्रथा नाणेघाटापुरती मर्यादित नव्हती. कान्हेरी येथे कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने ‘पानीयपोढी’ दिल्याचा लेख आहे. तेथेच चेमूल म्हणजे चौल येथील एका हेरणिकाने वाट दान दिल्याचाही लेख आहे. वाट आणि पाणी या दोहोंना ‘देयधर्म’ हा एकच शब्द लावलेला दिसतो. नाशिक लेण्यातील उषवदाताच्या लेखात पार, दमण, तापी आदी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय आणि दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, उभारल्याचे म्हटले आहे. नाशिकच्याच ईश्वरसेनाच्या काळातील लेखात ‘ओदयंत्रिक’, म्हणजे जलयंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. पाण्याची सोय हे दानधर्माचे, तसेच संघटित कारागिरीचेही क्षेत्र होते, हे यावरून स्पष्ट होते.

रांजण आणि टाके

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात आणि त्यावरूनच घाटास हे नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. जकात घेतली जात असणे असंभवनीय नाही. एवढ्या वर्दळीच्या वाटेवर ती असणे स्वाभाविकच आहे. परंतु घाटातील उपरोक्त लेखांत जकातीचा अथवा रांजणाचा उल्लेख येत नाही. पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख मात्र आढळतो. असे असूनही लोकस्मृतीत आणि प्रवासवर्णनांत रांजण राहिला व गोविंददासाचे टाके विसरले गेले. वाटसरूकडून काय घेतले, याची कथा टिकली. वाटसरूला काय दिले, याचा लेख कातळावर असूनही तो दुर्लक्षित झाला. इतिहासलेखनाने ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे.

जखिऱ्याचे पाणी

मध्ययुगात या मार्गाच्या परिसरातील जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले महत्त्वाचे ठरले. वाटेवरच्या टाक्यांचे तंत्र तेथेही दिसते. चावंडवरील सात टाक्यांचा समूह आणि शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ही त्याची परिचित उदाहरणे होत. या तंत्रामागील विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्र’ या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात स्पष्टपणे आला आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा आवश्यक असेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत, असे तेथे सांगितले आहे. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईच्या प्रसंगी झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून जखिऱ्याची दोन-चार टाकी वेगळी ठेवून त्यांतील पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे.

घाटातील पोढी आणि गडावरील जखिरा यांत एक मूलभूत भेद आहे. जखिरा हा आपल्या माणसांसाठी, शत्रूला तोंड देण्यासाठी राखलेला होता. पोढी मात्र वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होती. तंत्र एकच, पण एकात पाणी राखणे हे सामर्थ्य आहे, तर दुसऱ्यात ते देणे हे पुण्य आहे.

उत्तरकाळ आणि सद्यःस्थिती

1830 मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे पुण्याकडे चढली. मालवाहतूक नव्या मार्गांकडे वळली आणि जुन्या घाटवाटा स्थानिक लोकांपुरत्या उरल्या. बैलांचे तांडे गेले, तशी टाक्यांची नियमित निगाही संपली असावी. कातळातील टाके ढासळत नाही, परंतु गाळाने भरते. गाळ न काढल्यास त्याचे डबके होते.

आज या वाटांवर गिर्यारोहक आणि दुर्गप्रेमी चालतात. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर कोणत्या टाक्यातील पाणी पिण्याजोगे आहे, हा प्रश्न त्यांना गावकऱ्यांना विचारावा लागतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोयीवर ते आजही अंशतः अवलंबून आहेत. दुसरीकडे त्याच टाक्यांत कपडे धुणे, अंघोळ करणे, प्लास्टिकच्या बाटल्या टाकणे असे प्रकारही घडतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील अनेक वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती लक्षात घेता हा केवळ पुरातत्त्वाचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

1. नाणेघाट मार्गावरील टाकी ही लेण्यांची पूरक बांधकामे नसून मार्गाचाच अविभाज्य भाग होती. व्यापाराचा कोरडा हंगाम त्यांच्यामुळे सुकर झाला.

2. ही टाकी केवळ राजसत्तेने नव्हे, तर बंदरातील रहिवासी व गृहपती यांनी दिली. मार्गाची उभारणी हे सामाजिक कार्य होते.

3. टाक्यांची नोंद, गाळ काढणे आणि पाण्याचे पावित्र्य राखणे यांस लेखांच्या जतनाइतकेच महत्त्व द्यावयास हवे. गोविंददासाच्या लेखाचे जतन झाले आणि टाके मात्र गाळाने भरले, तर दानाची नोंद उरेल. दान उरणार नाही.