करारमुक्त तारा आणि अंधेरीचे मैदान : मुंबईच्या फुटबॉलमधील खेळाडूभरतीचा इतिहास

एखाद्या नामवंत खेळाडूचा जुना करार संपला असेल आणि तो नव्या संघाच्या शोधात असेल, तर त्याला आपल्याकडे घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक संघापुढे कधी ना कधी उभा राहतो. अशा खेळाडूला करारमुक्त खेळाडू म्हणतात. त्याला घेताना आधीच्या संघाला हस्तांतर शुल्क, म्हणजे खेळाडू सोडण्याची किंमत, द्यावी लागत नाही. द्यावे लागते ते केवळ त्याचे मानधन. ही मोकळीक खेळाडूंना फार जुन्या काळापासून नव्हती. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालामुळे युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंना करार संपल्यानंतर शुल्काविना दुसऱ्या संघात जाण्याचा हक्क मिळाला आणि पुढे जगभरच्या फुटबॉलचा व्यवहार त्या दिशेने वळला. मुंबईच्या उपनगरांत हा व्यवहार पोहोचला तो त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. परंतु चांगला खेळाडू बाहेरून आणण्याची रीत या शहरात त्याहून पुष्कळ जुनी होती.

मुंबईच्या फुटबॉलचे जुने केंद्र उपनगरात नव्हे, तर दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदानावर होते, आणि त्या मैदानाचा सर्वांत मोठा मान म्हणजे १८९१ पासून खेळला गेलेला रोव्हर्स चषक. प्रारंभी ब्रिटिश पलटणींची मक्तेदारी असलेला हा चषक १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या भारतीय संघाने जिंकला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद पोलिसांनी नेला. या शेवटच्या घटनेकडे खेळाडूभरतीच्या दृष्टीने नीट पाहिले पाहिजे. हैदराबादचे खेळाडू पोलीस खात्याचे नोकर होते. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट करार नव्हती, तर पगार, बढती आणि निवृत्तिवेतन ही होती. मुंबईच्या कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेले होते. एअर इंडिया, रेल्वे, बँका आणि खत कारखाने यांचे संघ पुढील काळात स्थानिक स्पर्धांचा कणा ठरले. कांदिवलीत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना असलेल्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ १९६२ मध्ये उभा राहिला, आणि कंपनीच्या हजेरीपटावर नाव लागणे हेच उपनगरांतील होतकरू फुटबॉलपटूचे मोठे स्वप्न होते.

कंपनी फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत खेळाडू घ्यावा की नाही, याचा विचार आजच्याहून अगदी निराळ्या मापाने होत असे. नोकरी दिलेला माणूस खेळणे थांबल्यावरही दोन-तीन दशके कंपनीत राहणार असल्यामुळे तिशी ओलांडलेल्या ताऱ्याला घेण्यात कोणाचेच हित नव्हते, आणि बहुतेक भरती विशीतल्या मुलांचीच होई. वरकरणी ही पद्धत सुस्त वाटते. तिने व्यावसायिक कसब वाढवले नाही, हेही खरे. परंतु दुखापतीने गुडघा गेलेल्या खेळाडूच्या घरी महिनाअखेर पगार येत राहिला, हा तिचा गुण भारतीय फुटबॉलमधील नंतरच्या कोणत्याही व्यवस्थेला साधलेला नाही आणि तो कमी लेखता येणार नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यावर कंपन्यांचे संघही करारावर परदेशी खेळाडू घेऊ लागले. २००० मध्ये महिंद्र युनायटेड असे नाव घेतलेल्या कांदिवलीकरांच्या या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मात्र जो संघ कंपनीच्या एका निर्णयावर उभा असतो, तो तशाच एका निर्णयाने मोडतोही : २०१० मध्ये, देशातील उत्तम संघांत गणना होत असतानाच, महिंद्र युनायटेड बंद करण्यात आला.

चार वर्षांनी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी हा नवा संघ आला. या स्पर्धेने ‘मार्की खेळाडू’ ही कल्पना रूढ केली. ज्याच्या नावावर तिकिटे खपतील आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक येतील, अशा जागतिक कीर्तीच्या खेळाडूला मानधनाच्या सर्वसाधारण मर्यादेबाहेर ठेवून संघात घेणे, असा तिचा अर्थ होता. मुंबईने फ्रेडरिक युंगबर्ग या स्वीडिश खेळाडूला घेतले. तो आर्सेनलच्या २००३-०४ च्या अपराजित संघात होता, परंतु २०१२ मध्येच निवृत्त झालेला होता. त्याच्या जोडीला आला फ्रान्सचा आघाडीपटू निकोला आनेल्का, ज्याला आधीच्या शिक्षेमुळे पहिले काही सामने खेळताच आले नाहीत. युंगबर्ग दुखापतीमुळे मोजक्याच सामन्यांत उतरला आणि आठ संघांत मुंबईचा सातवा क्रमांक लागला. संपूर्ण स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्या अवधीत उरकणारी होती, ही बाब येथे निर्णायक ठरते, कारण नऊ महिन्यांच्या युरोपीय हंगामात महिनाभर बाहेर बसलेला खेळाडू परतून उपयोगी पडू शकतो, पण दहा आठवड्यांच्या स्पर्धेत तोच महिना म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम असतो. पुढच्या वर्षी संघाने सुनील छेत्रीला लिलावात १ कोटी २० लाख रुपयांना घेतले, जी त्या लिलावातील सर्वोच्च बोली होती. आनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत राहिला, आणि संघ सहावा आला.

२०१६ मध्ये मुंबई सिटी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई रस्त्यावरील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. १९८८ मध्ये उभे राहिलेले हे महानगरपालिकेचे संकुल तोवर सर्वसामान्य मुंबईकराला फुटबॉलपेक्षा मनोरंजनाच्या सोहळ्यांसाठी अधिक परिचित होते. मायकेल जॅक्सनचा १९९६ चा कार्यक्रम येथेच झाला होता. पन्नास हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियममधून सुमारे सात हजार प्रेक्षकांच्या मैदानात येण्याचा आर्थिक अर्थ उघड होता. मार्की खेळाडूच्या मानधनाचे समर्थन तिकीटविक्रीवर केले जात असे, आणि अंधेरीचे मैदान काठोकाठ भरले तरी ते समर्थन टिकणारे नव्हते. त्यामुळे येथे आलेल्या ताऱ्याची किंमत त्याच्या खेळातूनच वसूल व्हायला हवी होती.

असा तारा त्याच वर्षी आला. २०१० च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ मिळवलेला उरुग्वेचा दिएगो फोर्लान पेन्यारोल क्लब सोडून करारमुक्त झालेला होता आणि त्याचे वय ३७ होते. कोस्टारिकाचे प्रशिक्षक अलेक्झांद्रे गिमारायस यांनी संघाची बांधणी बचावावर केली, लीगमध्ये सर्वांत कमी गोल मुंबईवर झाले, आणि समोर मोजक्या संधींचे सोने करण्याचे काम फोर्लानकडे दिले गेले. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी अंधेरीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ५-० असा विजय मिळाला, त्यात तीन गोल त्याचे होते, आणि साखळी संपली तेव्हा मुंबई प्रथमच गुणतक्त्याच्या शिखरावर होती. या भरतीला चूक म्हणता येणार नाही. पण तिची मर्यादा उपान्त्य फेरीत दिसली. कोलकाता संघाविरुद्ध कोलकात्यात झालेल्या पहिल्या सामन्यात मुंबई ३-२ अशी हरली आणि दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे फोर्लानला मैदान सोडावे लागले. परतीच्या सामन्यात तो निलंबित होता. कोलकात्याचा एक खेळाडू पूर्वार्धातच लाल कार्डाने बाहेर गेला, तरी दहा जणांविरुद्ध मुंबईला एकही गोल करता आला नाही. तोच कोलकाता संघ पुढे विजेता ठरला. ज्या संघाकडे ताऱ्याच्या गैरहजेरीत गोल करण्याचा दुसरा मार्ग नसतो, त्याने तारा घेऊन अर्धेच काम केलेले असते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा घेतला आणि भरतीची पद्धत मुळातून बदलली. आधी प्रशिक्षक ठरला, त्याची खेळण्याची रीत ठरली आणि मग त्या रीतीत बसणारी माणसे शोधली गेली. सेर्जिओ लोबेरा गोव्याहून आले आणि त्यांच्या रीतीत मुरलेले मध्यरक्षक अहमद जाहू व ह्यूगो बुमू, बचावपटू मुर्तदा फाल आणि मंदार राव देसाई हेही गोव्याहूनच आले. यांपैकी कोणाचेही चित्र जाहिरातफलकावर लावून मैदान भरले नसते. त्यांच्या जोडीला नायजेरियाकडून २००२ चा विश्वचषक खेळलेला बार्थोलोम्यू ओगबेचे करारमुक्त खेळाडू म्हणून घेण्यात आला. त्याचेही वय ३६ होते, म्हणजे फोर्लानहून फारसे कमी नव्हे. परंतु त्याने आधीची दोन वर्षे याच लीगमध्ये सातत्याने गोल केलेले होते, आणि त्याच्याबरोबर अ‍ॅडम ल फोंद्र हा दुसरा आघाडीपटू असल्यामुळे सारा भार एकट्यावर नव्हता. कोविडच्या साथीमुळे पूर्णपणे गोव्यात खेळल्या गेलेल्या त्या हंगामात मुंबईने साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला मिळणारी ढाल जिंकली, आणि १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या ओगबेचेने ९० व्या मिनिटाला दिलेल्या चेंडूवर मणिपूरच्या बिपिन सिंहने विजयी गोल केला. २०१४ चा युंगबर्ग आणि २०२० चा ओगबेचे हे दोघेही शुल्काविना मिळालेले, वयाने उतारावरचे खेळाडू होते. फरक होता तो अलीकडच्या खेळाचा पुरावा आणि संघातील नेमकी मोकळी जागा पाहिली गेली की नाही, एवढाच, आणि तोच सर्वांत मोठा होता.

यानंतर नियमांनीच ताऱ्यांची जागा आणखी आकुंचित केली. प्रारंभी मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडूंना परवानगी होती. २०१७-१८ मध्ये ती संख्या पाच झाली आणि २०२१-२२ पासून चार. परदेशी माणसाची प्रत्येक जागा महाग झाली आणि भारतीय खेळाडूंवरचा खर्च हाच शहाणपणाचा खर्च ठरला, ज्याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२२ मध्ये चेन्नईहून आलेला मिझोरमचा लाल्लिआनझुआला छांगटे. २०२२-२३ ची ढाल जिंकून देण्यात मोठा वाटा असलेला स्कॉटिश खेळाडू ग्रेग स्ट्युअर्ट जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, संघ सोडून गेला. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम त्याआधीच इंग्लंडला परतले होते. तरीही ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीने मोहन बागानचा ३-१ असा पराभव करून दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले, आणि त्या दिवशी मैदानात उतरलेल्या संघात २०१४ च्या अर्थाने मार्की म्हणावा असा एकही खेळाडू नव्हता.