फर्मवेअर सुधारणा : ब्लॉकचेन टोकनाद्वारे सुरक्षा
फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये साठवलेली, त्याचे हार्डवेअर चालवणारी मूळ आज्ञावली. तिच्या नव्या आवृत्तीत घातक बदल झाल्यास संपूर्ण उपकरण परक्याच्या ताब्यात जाऊ शकते. ते टाळण्यासाठी निर्माता एसएचए-२५६ पद्धतीने फाइलचा २५६ बिटांचा ठसा (हॅश) काढतो आणि आवृत्ती क्रमांकासह तो डिजिटल सहीनिशी टोकनरूपाने ब्लॉकचेन या सामायिक नोंदवहीत नोंदवतो. उपकरण मिळालेल्या फाइलचा ठसा नोंदीशी ताडते. जुळला तरच सुधारणा स्वीकारते. क्रमांकामुळे जुनी, सदोष आवृत्तीही नाकारता येते. नोंद अनेक संगणकांवर असल्याने गुपचूप बदलणे अतिशय कठीण असते. मात्र सही करण्यासाठीची निर्मात्याची खासगी किल्ली चोरीस गेल्यास संरक्षण कोसळते. गिरणा नदीकाठच्या भडगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात शेतपंपाच्या मोबाइल स्टार्टरसारख्या दूरवरच्या उपकरणांसाठी अशी पडताळणी मोलाची ठरेल.