कोयता, उचल आणि लवाद : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सामुदायिक वाटाघाटीचे स्वरूप

बीड–परळी मार्गावरील वडवणी आणि बालाघाटाच्या कडेने पसरलेली त्या तालुक्यातील गावे दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकामी होऊ लागतात. म्हातारी माणसे आणि काही मुले मागे राहतात; हातीपायी धड असलेली जोडपी बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडणीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. धारूर, केज, पाटोदा, शिरूर (कासार) इत्यादी तालुक्यांतही हेच दृश्य दिसते. या स्थलांतराच्या आर्थिक कारणांचा विचार पुष्कळ झालेला आहे. अवर्षण, कोरडवाहू व तुटपुंजी जमीन, निजामी राजवटीत मागे राहिलेला प्रदेश आणि १९७२ चा दुष्काळ ही कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु या कामगारांनी आपल्या श्रमाच्या मोबदल्याविषयी ज्या वाटाघाटी केल्या, त्यांच्या स्वरूपाकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. या वाटाघाटी दराविषयी झाल्या. मालक कोण, हा प्रश्न त्यांत अनिर्णीतच राहिला. असे का झाले, हे या व्यवसायातील रोजच्या शब्दांवरून बऱ्याच अंशी उलगडते.

साखरधंद्यातील कामगार एकाच वर्गाचा कधीच नव्हता. १९५० च्या अखेरीस प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. कारखान्याच्या आत काम करणाऱ्यास हजेरीपट, वेतनश्रेणी व संघटना मिळाली. १९५७ साली केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी वेतनमंडळही नेमले. कारखान्याच्या आवाराबाहेर, फडात ऊस तोडणारा मात्र या चौकटीबाहेर राहिला. वस्तुतः त्याच्यावाचून गव्हाणीत ऊस पडत नाही. तरीही ऊस शेतकऱ्याचा, वाहन ठेकेदाराचा व टोळी मुकादमाची मानली गेल्याने तोडणाऱ्याचा धनी यांपैकी कोणीच ठरला नाही.

या संदिग्धतेचा पहिला वाचक शब्द 'कोयता' हा होय. मूळ अर्थाने ते ऊस तोडण्याचे हत्यार. परंतु व्यवसायाच्या भाषेत एक कोयता म्हणजे पती आणि पत्नी मिळून एक जोडी. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. टोळी किती कोयत्यांची, उचल किती कोयत्यांची, हिशेब किती कोयत्यांचा, अशीच भाषा सर्वत्र ऐकू येते. अवजाराच्या नावाने माणसाचा निर्देश करणे भाषेला नवे नाही. तथापि येथे या लक्षणेने दोन व्यक्तींचे एक परिमाण केले आहे. स्त्री पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पण हिशेबात तिचे स्वतंत्र नाव सहसा नसते आणि पैसाही तिच्या हाती स्वतंत्रपणे येत नाही.

दुसरा शब्द 'मुकादम'. अरबी 'मुकद्दम', म्हणजे पुढे असलेला, यावरून तो आला. दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. पाटील हा गावाचा प्रतिनिधी, तसाच सरकारचा वसुलीदारही असे. ऊसतोडीतील मुकादमाचे स्थान असेच दुहेरी आहे. तो बहुधा कामगारांच्याच गावचा किंवा नात्यागोत्यातला असतो. अडीअडचणीला तोच धावतो. आणि कारखान्याचे पैसे वसूल करून देण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक शब्द 'उचल'. हंगामापूर्वी कारखाना वाहतूक ठेकेदारास, ठेकेदार मुकादमास आणि मुकादम कोयत्यास आगाऊ रक्कम देतो. लग्नकार्य, दवाखाना, पेरणी यांपायी ती आधीच खर्च झालेली असते. हंगामात तोडलेल्या उसाच्या टनांवर ती 'फेडली' जाते. न फिटल्यास बाकी 'अंगावर' राहते आणि पुढील वर्षी त्याच टोळीत जावे लागते. मजुरी ही वास्तविक केलेल्या कामाबद्दल धन्याने देणे असलेली रक्कम. उचलीने हे नाते उलटे होते. काम करणारा ऋणको बनतो आणि काम घेणारा धनको. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी निषिद्ध ठरविली, तरी कर्ज आणि श्रम यांची ही गाठ पुरती सुटलेली नाही.

या पार्श्वभूमीवर ऊसतोड कामगारांच्या संपाचे वेगळेपण ध्यानात येते. गिरणी कामगाराचा संप गिरणीच्या दारात होतो. यांचा संप स्वतःच्या गावात, निघण्यापूर्वी होतो. फडात पोचलेला कामगार परमुलखात, कोपीत राहणारा आणि अंगावर उचल असलेला. त्याच्या हाती फारसे बळ उरत नाही. उलट, हंगाम तोंडावर असताना टोळ्या हलल्या नाहीत तर ऊस फडात उभा राहतो आणि त्याचा फटका कारखान्यास तत्काळ जाणवतो. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. दसऱ्यानंतरच्या त्या थोड्या दिवसांत गावोगावच्या टोळ्यांचा एकोपा हेच या कामगारांचे खरे सामर्थ्य होय.

या सामर्थ्याला बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे प्रभृतींनी राजकीय वाचा दिली. डाव्या विचारांच्या संघटनांनीही ते संघटित करण्याचे प्रयत्न केले. त्यातून साखर संघ व कामगार संघटना यांच्यात राज्यव्यापी दरकराराची प्रथा रूढ झाली. त्या प्रथेस 'लवाद' हे नाव पडले. लवाद म्हणजे उभय पक्षांहून वेगळा, तटस्थ असा निवाडा करणारा. येथे मात्र शरद पवार कारखान्यांच्या बाजूने आणि मुंडे कामगारांच्या बाजूने बसत. अर्थात् नाव लवादाचे आणि कृती वाटाघाटीची. ३ जून २०१४ रोजी मुंडे यांचे निधन झाल्यानंतर कामगारांची बाजू पंकजा मुंडे यांच्याकडे आली. ऑक्टोबर २०२० मध्ये सरासरी १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाच्या कमिशनातही १ टक्क्याची भर पडली.

ही वाढ सामान्य नव्हे, आणि एकोप्यावाचून ती मिळाली नसती. परंतु कराराचा गाभा पाहता त्यात टनाचा दर आहे आणि मध्यस्थाचे कमिशन आहे. कामाचे तास, आजारपणाची रजा, बाळंतपण यांचा धनी कोण, हा प्रश्न तेथे सुटत नाही. काम चुकल्यास 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड कोयत्यावर बसतो. या मौनाचे मोल स्त्रियांनी किती दिले, हे २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाड्याची धास्ती, फडातील अस्वच्छता व वैद्यकातील अनाचार यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी मतभेद होऊ शकतील; पण दुखणे काढण्यास सवड नसलेल्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातच याहून निराळा एक दाखला आहे. मुंबईच्या बाजारांतील माथाडीही टोळ्यांत आणि मुकादमांच्या हाताखाली काम करीत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ च्या कायद्याने माल हलविणारा कामगार व काम देणारा व्यापारी या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी झाली. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळात भरावा आणि मंडळाने तो कामगारास द्यावा, अशी व्यवस्था झाली. त्या कायद्याचे मर्म दरवाढीत नव्हते. कोणी कोणाचे देणे लागतो, हे त्याने ठरविले. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे कल्याणकारी महामंडळास टनामागे कारखान्याकडून १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून मिळावी, असे धोरण ठरले. हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि कल्याणनिधी आणि मालकाची जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२३ साली शासनाने ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीस ४० टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची योजना आणली. फडात यंत्रे वाढतील तसतसे 'टोळ्या हलणार नाहीत' या धमकीचे वजन घटेल, आणि ज्या संपाच्या बळावर दर वाढत आले तो संपच दुबळा होईल. ज्याचा मालक निश्चित आहे, त्या कामगारास यंत्र आल्यावर भरपाई, पर्यायी काम वा निवृत्तीचा लाभ मागता येतो. कोयत्यास मात्र काही मागण्यापूर्वी कोणाकडे मागावयाचे, हेच आधी ठरवावे लागेल. वडवणीतून निघणाऱ्या टोळ्यांत पुरेशी गरज उरली आहे, तोवरच हे ठरविण्याचे बळ त्यांच्याकडे आहे. आणि ते ठरविताना एका कोयत्याच्या जागी दोन माणसांची, दोन नावांनी नोंद होणे, ही त्या कामाची पहिली पायरी होय.