भोपळ्याचं माहेर

इतिहास म्हटलं की गड, लढाया आणि राजांची सनावळी डोळ्यांपुढे येते. आज आम्ही तुम्हाला एका वेलाचा इतिहास सांगणार आहोत. आपल्या परसातल्या लाल भोपळ्यालाही इतिहास आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणींनी विनाकारण बोलणी खाल्ली आहेत. ती कशी, ते पुढे येईलच.

लाल भोपळ्याला आपल्याकडे नावं किती! कुठे डांगर, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, विदर्भात कोहळं. नावं ऐकून वाटावं की हा गंगेच्या काठाकाठाने चालत आपल्या दारी आला. पण याचं माहेर सात समुद्रांपलीकडे, अमेरिका खंडात आहे. मेक्सिको देशातल्या वाहाका प्रांतात एका गुहेत भोपळ्याच्या कुळातल्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. मक्याच्याही आधी तिथल्या माणसांनी भोपळा लावायला घेतला होता.

उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वाय लोकांत तर शेती बायकांच्याच हातात असे. मका, घेवडा आणि भोपळा त्या एकत्र लावत आणि या तिघींना ‘तीन बहिणी’ म्हणत. मक्याच्या ताटावर घेवडा चढायचा, घेवडा जमिनीचा कस राखायचा, आणि भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल टिकवायची. मक्यात काकडी-वाळूक टोचणाऱ्या आपल्या बायांना यातलं काही समजावून सांगायला नको.

मग हा भोपळा इकडे आला कसा? कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोचला. वास्को द गामा १४९८ साली केरळात कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यानंतरच्या काळात गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर नवी नवी बियाणं उतरत गेली. मिरची, मका, रताळं, शेंगदाणा, पेरू ही सगळी मंडळी तिकडचीच. टोमॅटो आणि बटाटाही तिकडचेच. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. ऐकून आमच्या गटातल्या एका आजी म्हणाल्या, “मग त्याआधी आपण खात तरी काय होतो?” खात होतो की! वांगं, काकडी, पडवळ, दोडका, कारलं, कोहळा, वाल हे आपल्या भागातले जुनेच. दुधी मूळचा आफ्रिकेचा, पण तो इतक्या पुरातन काळी इकडे आला की त्याला आता पाहुणा कोण म्हणणार? म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती गोष्ट पाचशे वर्षांहून जुनी असेल, तर तिचा तो भोपळा दुधीच्याच जातीचा असला पाहिजे.

याच हिशोबात एक गंमत सांगतो. संत सावता माळी म्हणजे माढा तालुक्यातल्या अरण गावचे. त्यांनी समाधी घेतली १२९५ साली. त्यांच्या नावाने गाइल्या जाणाऱ्या, मळ्यातल्या भाज्यांत विठ्ठल पाहणाऱ्या अभंगात मिरचीचं नाव येतं. मिरची तर त्यांच्यानंतर दोनशे वर्षांनी आली! एकतर मुळात ती मिरी असेल, नाहीतर पिढ्यानपिढ्या गाणाऱ्यांनी आपापल्या वाफ्यातली मिरची त्या अभंगात नेऊन लावली असेल. आम्हाला हे दुसरंच पटतं. गाणंही परसबागेसारखंच. ज्याच्या हाती जाईल तो त्यात एखादं रोप लावतो.

आता मुद्द्यावर येऊ. भोपळा आला, पण एकटा आला. त्याच्या माहेरी त्याची खास माशी आहे. ही मधमाशीच, पण पोळं करून राहणारी नव्हे. एकेक मादी जमिनीत बीळ करते आणि पिलांसाठी पराग गोळा करते तो फक्त भोपळ्याच्या फुलातून. उजाडायच्या आधीच ती कामाला लागते, कारण भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तिचा नर तर मिटलेल्या फुलातच झोपून राहतो. गलबतातून बी आलं, पण माशी मागेच राहिली. ती आजही आपल्याकडे नाही.

सासरी आलेल्या भोपळ्याला फळ धरवलं ते इथल्या माश्यांनी. ढोलीत पोळी करणारी सातेरी, घरांच्या भिंतींच्या फटीत राहणारी बिनडंखी बारीक माशी, काळा भुंगा. भोपळ्याचा पराग जाड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकाचा पराग दुसऱ्यात कोणीतरी उचलून नेल्याशिवाय फळ नाहीच. आणि एका खेपेत भागत नाही, सकाळच्या त्या चार तासांत पुष्कळ फेऱ्या व्हाव्या लागतात. फेऱ्या कमी पडल्या की फळ वाकडं होतं, नाहीतर लिंबाएवढं होऊन पिवळं पडतं, कुजतं आणि गळतं.

हे पिवळं पडून गळणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्याचं खापर कोणावर फुटतं तेही पाहिलंय. कोवळ्या भोपळ्याकडे सरळ बोट दाखवलं म्हणून तो कुजला. विटाळशी बाईची सावली पडली म्हणून वेल आटला. आमच्या गटांतल्या जुन्या बायका सांगतात, मूल नसलेल्या बाईच्या हाताने बी टोचून घेत नसत. आणि नुसती येऊन गळणारी नर फुलं, त्यांना आपण काय म्हणतो? ‘वांझ फुलं’! मैत्रिणींनो, ती वांझ नाहीत. ती नर आहेत, आणि त्यांच्यावाचून फळ नाही. करटोलीत तर नर वेलच वेगळा असतो. ‘हा नुसता फुलतो, फळत नाही’ म्हणून तो उपटला की शेजारची फळणारी वेलही रिकामी राहते. मागच्या श्रावणात आमच्या एका गटातल्या सुनेला वेल भरून फुलं आली आणि भोपळा एकही धरला नाही. घरात तिला काय काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. वेलाला कमी होती ती माशीची. पाळीशी, सावलीशी, कुणाच्या कुशीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

माशी मागे राहिली म्हणून फळ अडलं, असं जगात दुसरीकडेही झालंय. आइस्क्रीमला वास येतो त्या व्हॅनिलाचा वेलही मेक्सिकोचाच. फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला. वेल वाढला, फुलला, पण वर्षानुवर्षे शेंग काही नीट धरेना. शेवटी १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काम केलं. बारीक काडीने फुलातला पडदा वर सारायचा आणि अंगठ्याने पराग आत दाबायचा. एवढ्याशा कृतीवर पुढे सगळा व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. आजही बहुतेक व्हॅनिला अशीच हाताने फळवतात. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘हे मीच शिकवलं होतं’ असा दावा केला, तेव्हा एडमंडच्या मालकानेच तो खोडून काढला. १८४८ साली एडमंडची गुलामी संपली, त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. १८८० साली तो गरिबीतच वारला.

व्हॅनिलापेक्षा भोपळ्याचं काम फार सोपं आहे. सकाळी सात-आठच्या आत नर फूल तोडायचं. त्याचा देठ लांब आणि बारीक असतो, फुलामागे गाठ नसते. पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्यामागे इवलासा भोपळा असतोच. त्या सुनेने भाद्रपदात हेच केलं आणि चार भोपळे धरले. नर फुलांची भजी करता ना? जरूर करा. फक्त फुलं दहानंतर तोडा, मिटायला लागली की. तोवर त्यांचं काम झालेलं असतं.

आता वांग्याकडे वळू, कारण हे आपलं माहेरचं पीक असूनही त्याचं वेगळंच दुखणं आहे. वांग्याच्या फुलात पराग उघडा नसतो. मीठदाणीत मीठ असावं तसा तो बंद नळीत असतो, टोकाला बारीक भोकं. सातेरी माशीला तो नीट काढता येत नाही. त्याला भुंगाच लागतो. भुंगा फुलाला मिठी मारतो आणि अंग थरथरवतो, त्या गुणगुणण्याने मीठदाणी हलवावी तसा पराग बाहेर पडतो. टोमॅटोलाही त्याचा उपयोग होतो. सकाळी वांग्याच्या वाफ्याशी उभ्या राहा, घूंऽ असा आवाज येतो तो हाच. भुंग्यासारखीच एक निळ्या पट्ट्यांची माशीही हे काम करते. ती एकटी राहते, मातीच्या भिंतीत बोटभर बीळ करून.

आणि इथे आपलाच हात आडवा येतो. भुंगा वाशाला भोक पाडतो म्हणून आपण त्यात रॉकेलचा बोळा कोंबतो. मातीच्या भिंती पाडून आपण सिमेंटची घरं बांधली. त्यात चूक काही नाही, पावसाळ्यात भिंत लिंपून लिंपून कंबर मोडायची ती आपलीच. पण गोठ्याची एखादी कच्ची भिंत, परसाच्या कडेला न सारवलेला मातीचा तुकडा, कुंपणाला चार वाळके बांबू, एवढं ठेवायला काय जातं? वाफ्याच्या कडेने तुळस फुलू द्यावी, मंजिऱ्या लगेच खुडू नयेत. दोन कोथिंबिरी, एक मुळा फुलावर जाऊ द्यावा. झेंडू लावावा. तो मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींनाही आवरतो.

फवाऱ्याचं एक बोलायलाच हवं. एंडोसल्फान वर्षानुवर्षे मारलं गेलं आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणूस जिथे टिकत नाही, तिथे माशीचं काय? परसात असलं विष नकोच. निंबोळी अर्क किंवा दशपर्णी मारतानाही फुलाची वेळ बघा. भोपळा आणि काकडीची फुलं सकाळची, म्हणून तिथे संध्याकाळी मारावं. दुधी, दोडका, पडवळ यांची फुलं दिवस कलताना उमलतात आणि दुधी-पडवळावर रात्री पतंग येतात, म्हणून तिथे चारच्या आत उरकावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरचं गावरान बियाणं जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे वालाचेच कितीतरी प्रकार आहेत. वाल बहुतेक आपल्या आपणच फळतो, त्यामुळे त्याचा वाण सहसा बिघडत नाही. भोपळ्याचं तसं नाही. माशी या परसातून त्या परसात जाते, आणि शेजारणीचा फिका भोपळा तुमच्या गोड भोपळ्याच्या बियांत उतरतो. यंदाचा भोपळा चवीला तसाच लागेल, फरक पुढच्या वर्षी दिसेल.

तेव्हा बियाण्यासाठी एक-दोन फळं अशी धरवा. उद्या उमलणार असं वाटणारं मादी फूल आणि दोन नर फुलं आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधून ठेवायची. सकाळी सोडायची, हाताने पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं, म्हणजे दुसरा पराग आत जात नाही. त्या फळाच्या देठाला लाल धागा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे आले की तेच आधी चिरलं जातं. देठ वाळल्यावर फळ काढायचं, महिनाभर ठेवायचं, मग बिया धुऊन सावलीत वाळवायच्या आणि राखेत घालून डब्यात भरायच्या. उन्हाळ्यात बियांची अदलाबदल ठेवली आहे, तेव्हा प्रत्येक पुडीवर गावाचं नाव आणि कोणत्या घरचं बी आहे ते लिहून आणा.