स्ट्रोक येण्याआधीच औषध देऊन मेंदू वाचवता येतो का?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागातल्या पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मग संरक्षण देणारं औषध आधीपासूनच शरीरात असेल तर?

प्रयोगशाळेत हे जमलं आहे. ऑक्सिजन तुटला की पेशींमधून ग्लुटामेट हे रसायन प्रमाणाबाहेर सुटतं. त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि त्याही मरतात. ही साखळी तोडणारी औषधं आधी दिली तेव्हा उंदरांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांनीही उंदरांमध्ये असाच परिणाम दाखवला.

माणसांत मात्र गाडी अडली. अमेरिकेतल्या 'फास्ट-मॅग' चाचणीत १,७०० रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णवाहिकेतच, लक्षणं दिसल्यापासून दोन तासांच्या आत मॅग्नेशियम दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला: अपंगत्वात फरक नाही. 'एनएक्सवाय-०५९' या औषधाने २००६ मध्ये आशा दाखवली आणि पुढच्याच वर्षी मोठ्या चाचणीत ते फसलं.

कारण तसं साधं आहे. उंदराला स्ट्रोक कधी येणार हे संशोधक ठरवतो आणि उंदीर बहुतेकदा तरुण, धडधाकट असतो. माणसाला बीपी असतो, मधुमेह असतो आणि स्ट्रोक सांगून येत नाही. हृदयाच्या किंवा मानेतल्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत धोक्याची वेळ आधी कळते, म्हणून 'आधी औषध' ही कल्पना तिथेच जास्त पटते. पण तिथेही असं एखादं औषध अजून नेहमीच्या वापरात रुळलेलं नाही.

स्टॅटिनचा फायदा वेगळा आहे. आधी स्ट्रोक येऊन गेलेल्यांमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिनने पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण सुमारे पाच वर्षांत १३.१ वरून ११.२ टक्क्यांवर आलं, मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रकार थोडे वाढले. म्हणजे ही गोळी झटका टाळायला मदत करते. झटका आल्यावर ती मेंदूची ढाल ठरते, हे सिद्ध झालेलं नाही.

घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर ॲस्पिरिन देऊ नका. तो रक्तस्राव असू शकतो आणि ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १०८ ला फोन करा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात.